मस्कतला पहिल्यांदाच कामासाठी जातेय, चार दिवसांत काय जमेल?

रबाळेची_पोर

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे, पंपांना लागणारे सील आणि गॅस्केट बनवतो. कारखाना म्हणजे दीड गाळा, अकरा माणसं आणि बाबा. गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली, तेव्हापासून दादा मशीन बघतो आणि मी माणसं बघते. बाहेरगावची कामंही आता माझ्याकडेच.

मस्कतच्या दोन पार्ट्यांशी वर्षभर मेलवर बोलणं चालू आहे. एक रुवीतली, एक रुसैल इंडस्ट्रियल इस्टेटमधली. रुवीवाल्याने परवा एवढंच लिहिलं, "या, बसून बघू." म्हणून निघालेय.

ठरवलंय ते असं: गुरुवारी रात्रीची फ्लाइट, शुक्रवारी रुवी, शनिवारी रुसैल, रविवारी मत्राचा बाजार बघायचा आणि रात्री परत. सोमवारी सकाळी कारखान्यात हजर. दादाला चार दिवसांच्या वर मी नसलेली चालत नाही.

कपडे काय घालावेत? भेट काय न्यावी? पैसे कसे न्यावेत? बॅगेत सॅम्पल असतील, स्टीलच्या रिंगा वगैरे, अडवतात का? आणि मी एकटी जातेय. मी रोज डोंबिवलीहून ठाणे आणि तिथून ट्रान्सहार्बरने रबाळे करते, गर्दीला घाबरत नाही. पण आई आणि मावशीने घर डोक्यावर घेतलंय.

अंधेरी_पूर्व

दुबईला दहाएक वेळा जाऊन आलोय. तिकडे शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. तेव्हा शुक्रवारी सकाळीच रुवी उरका आणि रुसैल सोमवारवर ढकला. बाकी आखात सगळीकडे सारखंच, टेन्शन घेऊ नका.

मुलुंडचा_म्हातारा

"आखात सगळीकडे सारखंच" या समजुतीपायी माझे दोन दिवस आणि एक ऑर्डर गेलेली आहे, म्हणून आधी त्यावरच बोलतो.

अंधेरीकर, तुम्ही सांगताय ते अमिरातीचं. त्यांनी २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार धरला. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवार हा आपल्या सोमवारसारखा, कामाचा पहिला दिवस. म्हणजे ताई, तुम्ही दोन्ही मीटिंगा बरोब्बर सुट्टीच्या दिवशी लावल्यात आणि ज्या दिवशी अख्खं मस्कत कामाला लागतं त्या दिवशी बाजार फिरायला निघालात. हसत नाही हो. मी हेच केलंय. १९९८ साली बुधवारी रात्री पोचलो आणि तेव्हा तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती, ती २०१३ च्या मे महिन्यात बदलली. हॉटेलच्या खिडकीतून दोन दिवस डोंगर बघत बसलो. मस्कतचे डोंगर उघडेबोडके, चॉकलेटी, एक झाड नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पाठ झाले होते.

तिकीट बदला. शनिवारी संध्याकाळी पोचा, गुरुवारी निघा. दादाला सांगा, चार दिवसांचे सहा झाले. आणि या सहांतही एका दिवसात दोन पार्ट्या घेऊ नका. सरकारी कचेऱ्या साडेसातला उघडतात आणि अडीचला मिटतात. खाजगी ऑफिसांपैकी बरीच दुपारी एकला बंद होऊन चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. मधल्या तीन तासांत तुम्ही कुठे उभ्या राहणार? मे ते सप्टेंबर असेल तर उभं राहण्यासारखी हवाच नसते. उन्हाळ्यात तिथे उघड्यावरच्या मजुरांना दुपारी साडेबारा ते साडेतीन काम देण्यावर बंदी असते, यावरून काय ते समजा. रमझान असेल तर जाऊच नका, कामाचे तास कमी आणि माणसं थकलेली. आमच्यासारख्यांनी त्या महिन्यात फार तर ईदच्या शुभेच्छा तयार ठेवाव्यात.

आता मुद्द्याचं. रुवीवाल्याने "बसून बघू" लिहिलंय ना, त्यातला "बसून" हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या भेटीत विकायचं नसतं. मी कॅटलॉग उघडून तिसऱ्या मिनिटाला भाव सांगायला लागलो होतो, मुंबईच्या सवयीने. शेठ नुसता मान हलवत होता. तेवढ्यात त्याच्या ऑफिसात आणखी दोघं आले, सलाम झाले, ते पण बसले. फोन आला, तो घेतला. एक पोरगा सही घ्यायला आला. मला वाटलं माझा अपमान चाललाय. तसं काही नव्हतं. तिथे ऑफिस हे आपल्या गावाकडच्या ओटीसारखं, येणारा येतो, बसतो, त्याचंही ऐकून घेतात. मी घड्याळ बघितलं. ते त्याने बघितलं. ऑर्डर दुसऱ्याला गेली, आणि तो दुसरा माझ्यापेक्षा महाग होता, हे मला वर्षाने कळलं.

त्यानंतर मी शिकलो ते कहवा प्यायला. छोटा कप, कान नसलेला, त्याला फिंजान म्हणतात. उजव्या हाताने घ्यायचा. कपात तळाशी दोन-तीन घोट, जास्त नाही. भरून दिला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, रीतच ती आहे. वेलदोड्याचा वास, साखर अजिबात नाही, कारण बरोबर खजूर असतो. कप रिकामा दिसला की वाढणारा पुन्हा ओततो आणि ओततच राहतो. मी पहिल्या दिवशी सहा प्यायलो, रात्री झोप नाही. पुरे म्हणायचं असेल तर रिकामा कप हातात धरून मनगटाने दोन-तीनदा हलवायचा. बोलावं लागत नाही. एक तरी घ्याच, तीनच्या वर घेऊ नका. हलवा आला तर चमच्याचं टोक भरून घ्या. काळपट, चिकट, तुपात न्हालेला, केशर-गुलाबपाण्याचा. माहीमच्या हलव्याशी त्याचं काही नातं नाही.

भावाचं सांगतो, हे वहीत लिहून ठेवा. रियालचे १०० नाही, १००० भाग होतात, त्यांना बैसा म्हणतात. म्हणून दशांशानंतर तीन आकडे. साडेचार रियाल म्हणजे ४.५००. मी एकदा घाईत हाताने ४.५ एवढंच खरडलं. तिकडच्या कारकुनाने पर्चेस ऑर्डरमध्ये ४.०५० टाकलं, आणि आम्ही न बघता शिक्का मारून परत पाठवली. नगामागे ४५० बैसा, नग ६००. हिशोब करा, २७० रियाल. मालकाने माझ्या पगारातून कापले नाहीत, पण दिवाळीपर्यंत रोज आठवण करून दिली. त्यापेक्षा सरळ डॉलरमध्ये भाव द्या. १९८६ पासून रियाल डॉलरला बांधलेला आहे, १ रियालला २.६० डॉलर, त्यामुळे समोरच्याला काहीच फरक पडत नाही. चढउतार काय तो डॉलर आणि रुपयाचा, तो आपला आपण बघायचा.

तीनशेचा एक किस्सा आहे, तो नंतर कधीतरी. बायको जेवायला बोलावतेय.

पार्ल्याची_ऑडिटर

काकांनी धंद्याचं सांगितलंच, मी एकटीने जाण्याबद्दल सांगते. सहा वर्षं ऑडिटसाठी मस्कत आणि दुबई करते आहे.

मस्कतमध्ये मला रात्री दहाला टॅक्सीत जेवढं निवांत वाटतं तेवढं कुर्ला स्टेशनबाहेर वाटत नाही. टॅक्सी चालवायचा परवाना ओमानी नागरिकांनाच मिळतो, बऱ्याच चालकांना हिंदी येतं. पांढऱ्या-केशरी रंगाच्या टॅक्सीला हात करण्यापेक्षा ओटॅक्सीचं ॲप घ्या, भावाची घासाघीस वाचते. मावशीला हे वाचून दाखवा.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले, बस. कॉटनचा लांब कुर्ता आणि पँट, वर एक ओढणी. अबाया वगैरे विकत घेऊ नका, कोणी अपेक्षाही करत नाही. ग्रँड मॉस्क बघायला गेलात तर मात्र केस, मनगटं, घोटे सगळं झाकावं लागतं. आणि एक स्वेटर न्याच. बाहेर चाळीस असतं आणि ऑफिसात एसीने दात वाजतात.

हस्तांदोलनासाठी आपण होऊन हात पुढे करायचा नाही. त्यांनी केला तर करा. नाही केला आणि छातीवर हात ठेवला, तर तुम्हीही तसंच करा. मी पहिल्यांदा हात पुढे करून तसाच हवेत ठेवून बसले होते. बिचारा तो माझ्यापेक्षा जास्त ओशाळला. बसल्यावर पायाचा तळवा समोरच्याकडे होणार नाही एवढं बघा, पायावर पाय टाकायची सवय असेल तर विशेष.

आता खाऊ. हे कोणी सांगत नाही म्हणून लांबवते. दिवाळीनंतर एकदा दुबईत उतरून पुढे मस्कतला जायचं होतं. आईने क्लायंटसाठी म्हणून अनारसे बांधून दिले. डबा बॅगेत गेला, आणि मुंबई विमानतळावर टी-टूच्या रांगेत उभी असताना मला आठवलं की अनारशाच्या पाठीला खसखस असते. अमिरातीत आणि सौदीत खसखशीवर बंदी आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून अमली पदार्थांत धरतात. "थोडीच आहे" हे तिथे चालत नाही. मी रांगेतून बाहेर आले, डबा काढला आणि सोडायला आलेल्या भावाला परत बोलावून त्याच्या हातात दिला. तो आनंदात होता. मसाल्याच्या पुड्यांतही खसखस असते, घरच्या काळ्या मसाल्यात तर हमखास. सरळ मस्कतची फ्लाइट असली तरी मी नेत नाही.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या, यांना उगाच हात लावू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेलंच असेल तर मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट आणि प्रवासापुरतंच. दुबईमार्गे जाणार असाल तर अशा औषधांसाठी तिकडची सरकारी ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते.

भेट म्हणून मी काजूकतली नेते, चांदीचा वर्ख नसलेली. वर्ख कशाचा, हा प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय.

रुवीत_रत्नागिरीकर

चौदा वर्षं झाली इथे. ताई, पत्ता आधी नीट मागून घ्या. त्यांच्या लेटरहेडवर "पी.ओ. बॉक्स अमुक, पोस्टल कोड ११२, रुवी" एवढंच असणार. तो पोस्टातला डबा आहे, ऑफिस नव्हे. इथे टपाल दारात येत नाही, त्यामुळे लोकांना दाराचा पत्ता सांगायची सवयच नाही. बिल्डिंग नंबर आणि वे नंबर (गल्लीचा) असतात, पण ते खुद्द मालकाला पाठ नसतात. व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा. मेसेज जातो, पण व्हॉट्सॲपचा कॉल इथे सहसा लागत नाही, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "पोरगी फोन उचलत नाही" म्हणून रडारड. एअरपोर्टवरच ओमानटेल किंवा उरीडूचं सिम मिळतं.

मस्कत हे गाव गोल नाही, लांबट आहे, आपल्या वेस्टर्न लाइनसारखं. समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये एक हायवे आणि त्याच्या कडेला सगळं. एअरपोर्ट एका टोकाला सीबमध्ये, रुवी-मत्रा दुसऱ्या टोकाला, मध्ये तीसेक किलोमीटर. रुसैल एअरपोर्टच्याही पलीकडे. तेव्हा राहायचं रुवीत असेल तर रुसैलचा दिवस वेगळा ठेवा.

प्लग तीन चपट्या पायांचा, ब्रिटिश पद्धतीचा. आपला गोल पायांचा बसत नाही. इथेही मिळतो, पण रात्री अकराला हॉटेलात मोबाईल १% वर असताना नाही मिळत.

जेवणाची काळजी नको. रुवीत थाळी, डोसा, पाणीपुरी सगळं आहे. बांगडा पण ताजा. पण त्याला आमच्या मिरकरवाड्याची सर नाही.

रबाळेची_पोर

सगळ्यांचे आभार. तिकीट बदललं. तारीख बदलायचे पैसे ऐकून दादा दोन तास बोलला नाही, मग स्वतःच म्हणाला, "सहा तर सहा." अनारशांचा किस्सा आईला वाचून दाखवला, तिने काढलेला डबा गुपचूप परत फळीवर ठेवला.

काका, अजून एक. रुसैलच्या पार्टीने आजच मेल केलाय की येताना "सोल एजन्सी"चं, म्हणजे तिकडे आमचा माल फक्त तेच विकतील असं, पत्र लेटरहेडवर आणि अटेस्ट करून आणा, म्हणजे तिकडे नोंदणी करता येईल. दादा म्हणतो देऊन टाकू, एवढ्या लांबून मागताहेत तर खरेच असणार. आणि ९० दिवसांची उधारी हवीय.

मुलुंडचा_म्हातारा

दादाला सांगा, लग्नाआधी सातबारा नावावर करत नाहीत.

ओमानमध्ये कमर्शियल एजन्सीचा वेगळा कायदा आहे, १९७७ पासूनचा. एजन्सीची नोंद झाली की ती मोडताना वाद होऊ शकतो. आमच्या ओळखीतल्या एका भांडुपच्या पंपवाल्याने असंच पत्र दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल पाठवताना त्याचा घाम निघाला. नाही म्हणू नका, तिथे तोंडावर नाही म्हणत नाहीत. म्हणा, "बाबांशी बोलून सांगते." बाबांना बायपास झालेली आहेच, सगळे समजून घेतील. फारच झालं तर साधं पत्र द्या: अमुक प्रकारचे सील, एक वर्ष, एवढी किमान खरेदी, आणि "सोल" हा शब्द नाही. तेही वकिलाला दाखवून.

पुढे कधी कागद अटेस्ट करायची वेळ आली तर ओमान अपोस्टिलच्या, म्हणजे एका शिक्क्यावर कागद परदेशात चालण्याच्या, करारात आहे. चेंबर ऑफ कॉमर्सचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, झालं. अमिराती त्या करारात नाही, तिथे वकिलातीपर्यंत जावं लागतं. एजंट दोन्हीचे पैसे सांगतो, आपण एकाचेच द्यायचे.

९० दिवसांची उधारी मागणं हा गुन्हा नाही, सगळेच मागतात. पण आधी ईसीजीसीकडे, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या कंपनीकडे, त्या पार्टीची उधारीची मर्यादा काढून घ्या. सरकारी कंपनी आहे, मुख्य ऑफिस आपल्या मुंबईतच. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर विम्यातून बराचसा भाग मिळतो. आणि मर्यादा द्यायला त्यांनी खळखळ केली, तर ती बातमी फुकटात मिळाली असं समजा. पहिला माल लहान पाठवा, एलसीवर (बँकेच्या हमीवर) किंवा निम्मे पैसे आगाऊ घेऊन.

सॅम्पलबद्दल मघाशी राहिलं. रिंगा चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत स्टीलची चळत एक्स-रेवाल्याला नाही आवडत. वर एक प्रोफॉर्मा इनव्हॉइस, "सॅम्पल, विक्रीसाठी नाही" असं लिहून, नगांची संख्या आणि नाममात्र किंमत घालून. किंमत शून्य लिहू नका. व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा साइटवरूनच काढा. बिझनेसचा काढायचा तर तिकडचा स्पॉन्सर लागतो, तेव्हा कुठला काढायचा ते रुवीवाल्याला विचारा, त्याला सवय असते. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत.

पार्ल्याची_ऑडिटर

काका, तीनशेचा किस्सा राहिला.

मुलुंडचा_म्हातारा

हो. १९९८ चीच गोष्ट, तेच दोन सुट्टीचे दिवस. कंटाळून मत्राला गेलो. बंदरावर फिरलो, लोबानाचा वास नाकात भरून घेतला आणि येताना शेअर टॅक्सीत बसलो. तेव्हा ॲप-बिप नव्हतं. रुवीला उतरलो, किती म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर म्हणतो, "थ्री हंड्रेड." माझ्या खिशात एकूण रियाल होते १२०, ते पण मालकाने मोजून दिलेले. मी भर रस्त्यात मोठ्याने हुज्जत घालायला लागलो. हिंदी, इंग्रजी, मध्येच मराठी. म्हातारा ड्रायव्हर होता, डोक्याला नक्षीची कुम्मा टोपी. तो शांतपणे माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघत राहिला, मग बोटाने अर्ध्या रियालची नोट दाखवली. मी ती काढून दिली. त्याने खिशातून २०० बैशांची नोट काढून मला परत केली आणि म्हणाला, "सेठ, तीन सौ बैसा. पैसा, पैसा."

तेव्हा कळलं की बैसा म्हणजे आपलाच पैसा. तिथे १९७० पर्यंत रुपयाच चालायचा. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या, नंबराच्या आधी झेड अक्षर असायचं. त्या म्हाताऱ्याने उमेदीच्या वयात त्याच हाताळल्या असणार.

ताई, क्वोटेशन छापायला टाकण्याआधी दशांशानंतरचे आकडे मोजलेत का?

रबाळेची_पोर

मोजले. दोनच होते. परत छापतेय.